पितळ की ॲल्युमिनियम? जुन्या धातूच्या स्नेअर ड्रमची पारख

ड्रमसेटमध्ये वादकाच्या दोन गुडघ्यांमध्ये बसणारा, सामान्यतः चौदा इंच व्यासाचा आणि पाच ते साडेसहा इंच खोलीचा जो ड्रम असतो, त्याला स्नेअर ड्रम म्हणतात. त्याच्या खालच्या पुडीला चिकटून बारीक पीळदार तारांची एक पट्टी ताणलेली असते. वरच्या पुडीवर काठी पडली की आतील हवेच्या दाबाने खालची पुडी हलते, तारा तिच्यावर आपटतात आणि तो ओळखीचा कुरकुरीत, धारदार आवाज उमटतो. या दोन पुड्यांना जोडणारे जे मधले नळकांडे, त्याला ‘शेल’ अशी संज्ञा आहे. शेल लाकडाचे असते किंवा धातूचे. प्रस्तुत लेखाचा विषय धातूच्या, त्यातही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनलेल्या आणि आज दुसऱ्या-तिसऱ्या हातून विकल्या जाणाऱ्या स्नेअर ड्रमपुरता मर्यादित आहे.

गोव्याच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मुंबईतील जाझ वाद्यवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांनी जे स्थान मिळवले, त्यात ड्रमवादकांचाही वाटा मोठा होता. परदेशी वाद्य आयात करणे ज्या काळात दुरापास्त होते, त्या काळात मिळवलेला असा एखादा ड्रम वादकाच्या पश्चात घराच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतो आणि घर विकायची वेळ आली की बाहेर निघतो. अशा वेळी नुकसान दोन्ही बाजूंनी होऊ शकते. वारसदार तो भंगारात वजनावर देऊन टाकतात. किंवा एखादा हौशी तरुण ॲल्युमिनियमच्या ड्रमला पितळेची किंमत मोजतो. दोन्ही चुका टाळण्यासाठी लागणारी पारख अर्ध्या तासात करता येते. त्यासाठी एक लोहचुंबक, एक विजेरी, मोजपट्टी आणि ड्रमची किल्ली एवढे साहित्य पुरेसे आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या भागात ‘जुना धातूचा ड्रम’ म्हणून जे दाखवले जाते, ते पुष्कळदा लग्नाच्या किंवा शाळेच्या बँडपथकातील साइड ड्रम असते. त्याची खोली अधिक असते, गळ्यात अडकवण्यासाठी त्याला आकडा असतो आणि शेल बहुधा उघड्या पितळेचे असते. मेरठमधील जली कोठी परिसर अशा बँडवाद्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. ही वाद्ये आपल्या जागी उत्तम. पण ड्रमसेटमधील स्नेअर म्हणून घेतल्यास निराशा पदरी पडेल.

जुन्या धातूच्या स्नेअर ड्रमची चर्चा सुरू झाली की ‘लुडविग’ हे नाव टाळता येत नाही. विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये शिकागो येथे हा व्यवसाय सुरू केला. १९२०च्या दशकाच्या अखेरीस कंपनी कॉन या वाद्यनिर्मात्या संस्थेकडे गेली. विल्यम यांनी १९३७ मध्ये ‘डब्ल्यूएफएल’ या आद्याक्षरांनी नवी कंपनी काढली आणि १९५५ मध्ये स्वतःचेच जुने नाव परत विकत घेतले. हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. ‘डब्ल्यूएफएल’ असा बिल्ला असलेला ड्रम कुणी नकली समजून नाकारू नये. तो त्याच घराण्यातील, मधल्या काळाचा आहे.

या कंपनीचा ‘सुप्राफोनिक’ हा धातूचा स्नेअर जगात सर्वाधिक ध्वनिमुद्रित झालेला ड्रम मानला जातो. पाच इंच खोलीचा तो ‘४००’ आणि साडेसहा इंच खोलीचा तो ‘४०२’, अशी त्याची वादकांमधील ओळख आहे. लेड झेपेलिनचा जॉन बोनम ४०२ वाजवत असे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकले आणि रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रमवरील लुडविग हे नाव घराघरांत पोहोचले. त्यानंतर कारखान्याला मागणी पुरवणे कठीण झाले. येथे एक सावधगिरीची सूचना: रिंगोचा स्वतःचा स्नेअर लाकडी शेलचा होता. तेव्हा धातूचा ड्रम ‘रिंगोवाला’ म्हणून पुढे करणाऱ्या विक्रेत्याच्या उरलेल्या विधानांकडेही थोडे साशंकतेने पाहिलेले बरे.

धातू कोणता?

किमतीतील सर्वांत मोठा फरक पडतो तो शेलच्या धातूमुळे, आणि नेमका तोच क्रोमच्या चकचकीत मुलाम्याखाली झाकलेला असतो. पितळ, ॲल्युमिनियम आणि पोलाद या तिघांवर क्रोम चढवला की दुरून तिन्ही सारखेच दिसतात. सुप्राफोनिकच्याच कुळात हा घोळ आहे. १९६०च्या दशकाच्या अगदी आरंभीचे ड्रम क्रोम चढवलेल्या पितळेचे होते. १९६३च्या सुमारास कंपनी ॲल्युमिनियमकडे वळली आणि त्या मिश्रधातूला तिने ‘लुडॅलॉय’ असे भारदस्त नाव दिले. पितळी ड्रम दुर्मीळ असल्याने संग्राहक त्याला अधिक किंमत देतात. साहजिकच विक्रेत्यांच्या तोंडी सारेच ड्रम ‘पितळी’ असतात.

लोहचुंबक शेलला घट्ट चिकटला तर ते पोलाद. चिकटला नाही तर पितळ किंवा ॲल्युमिनियम. मात्र क्रोमच्या खाली बहुधा निकेलचा थर असतो आणि निकेल स्वतः चुंबकाकडे ओढले जाते. त्यामुळे अतिशक्तिमान चुंबकाला किंचित ओढ जाणवली म्हणून लगेच पोलाद ठरवू नये. फ्रिजवर लावायचा साधा चुंबक या कामाला अधिक योग्य. चाचणी शेलच्या अंगावर करावी. वरचे कडे, खिळे आणि तारा पोलादी असू शकतात, तेथे चुंबक चिकटणारच.

पितळ आणि ॲल्युमिनियम यांतील निवाडा वजनाने होतो. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, पितळेची साधारण साडेआठ पट. म्हणजे तेवढ्याच जाडीचे पितळी शेल तिपटीहून अधिक जड भरते. सर्व सामान लावलेला ड्रम उचलला तरी हा फरक हाताला कळतो, तरीही खात्रीचा पुरावा छिद्रांच्या कडांवर मिळतो. हवा बाहेर जाण्यासाठी शेलला जे छोटे छिद्र असते आणि लग बसवण्यासाठी जी छिद्रे पाडलेली असतात, त्यांच्या कडेचा मुलामा बहुधा झिजलेला असतो. विजेरी टाकून पाहावे: पिवळी झाक दिसली तर पितळ, राखाडी-पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. विक्रेत्याची हरकत नसेल तर एक लग सोडवून त्याखालील भाग पाहावा. तेथे कुणाचा हात लागलेला नसतो. शेलवर मुद्दाम ओरखडा काढून पाहण्याचा आग्रह मात्र कुणी धरू नये.

त्याच वेळी शेलच्या आतून बोट फिरवावे. सुप्राफोनिकचे शेल एकसंध पत्र्यापासून फिरवून घडवलेले असल्याने त्याला सांधा नसतो. १९६०-७०च्या दशकांत जपानमधून निरनिराळ्या नावांनी आलेले स्वस्त पोलादी ड्रम पत्रा वळवून आणि जोडून केलेले असत. त्यांच्या आत उभी जोडरेषा दिसते. बाह्यरूप लुडविगचे आणि आत जोडरेषा, असे आढळले तर तो सुप्राफोनिक नव्हे. याचा अर्थ तो टाकाऊ असाही नव्हे. पोलादी ड्रम मोठा, उजळ आणि आक्रमक बोलतो. खुल्या मैदानावरच्या कार्यक्रमात तो कामाला येतो. फक्त त्याची किंमत त्याच्या नावाने मोजावी.

बिल्ला काय सांगतो

लुडविगच्या बिल्ल्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. १९६०च्या दशकातील बिल्ला कमानीच्या माथ्यावर बसवलेल्या पाचरीच्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता असून त्याला ‘कीस्टोन’ म्हणतात. १९६३च्या अखेरीपूर्वीच्या बिल्ल्यांवर क्रमांक नसे. पुढे क्रमांक आले. १९६९-७०च्या सुमारास निळ्या आणि ऑलिव्ह रंगांचा बिल्ला सुरू झाला. त्याचे कोपरे आधी टोकदार आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात गोलसर झाले. १९८०च्या दशकात काळा-पांढरा बिल्ला आला, कंपनी सेल्मर या संस्थेच्या ताब्यात गेली आणि कारखाना शिकागोहून नॉर्थ कॅरोलिनातील मन्रो येथे हलला.

असे असले तरी बिल्ल्यावर सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. कारखान्यात क्रमांकाचे बिल्ले पेटीतून हाताला येतील तसे लावले जात, त्यामुळे क्रमांकावरून वर्ष ठरते ते ढोबळमानानेच. जुन्या नमुन्याचे बिल्ले सुटे विकत मिळतात. आजच्या नव्या ड्रमवरही कंपनी कीस्टोन आकार वापरते. बिल्ला ज्या धातूच्या वळ्याने हवेच्या छिद्रात पक्का केलेला असतो, ते वळे आतून पाहावे. त्यावर पकडीचे ओरखडे असतील किंवा बिल्ला सैल फिरत असेल, तर तो कधीतरी काढलेला आहे. बिल्ला, लग, कडे आणि स्ट्रेनर हे सारे भाग एकाच काळाचे वाटतात का, हे पाहणे म्हणूनच अधिक उपयुक्त. स्ट्रेनर म्हणजे तारा ताणण्याची आणि सैल करण्याची कळ. १९६०च्या दशकातील सुप्राफोनिकवर ‘पी-८३’ नावाची कळ असे; वाजवताना ती हळूहळू सैल होते अशी तिची ख्याती आहे. एखाद्या वादकाने त्रासून नवी कळ बसवली असेल तर त्याला दोष देता येणार नाही. मात्र जुनी कळ विक्रेत्याकडे असल्यास ती अवश्य मागून घ्यावी आणि शेलला नवी छिद्रे पाडली आहेत का, हे तपासावे.

इतर घराण्यांपैकी तीन नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. स्लिंगरलँड कंपनीचा ‘जीन क्रूपा साउंड किंग’ हा क्रोम चढवलेल्या पितळेचा ड्रम आजही तुलनेने कमी किमतीत मिळतो, आणि गुणाने तो कमी नाही. रॉजर्स कंपनीचा ‘डायना-सॉनिक’ त्याहून नाजूक प्रकरण: त्याच्या तारा एका स्वतंत्र चौकटीत बसवलेल्या असतात. ही चौकट हरवलेली असेल तर ड्रम अर्धाच उरला असे समजावे. लुडविगच्याच ‘सुपर-सेन्सिटिव्ह’ची गत तशीच, त्याच्या तारा शेलच्या बाहेरपर्यंत जातात आणि त्यांचे खास भाग शोधण्यात ड्रमच्या किमतीइतकी दमछाक होते.

तिसरे नाव लुडविगच्या ‘ॲक्रोलाइट’चे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या किनारपट्टीसाठी सर्वांत शहाणपणाची निवड हीच. विद्यार्थ्यांसाठी काढलेले हे स्वस्त प्रारूप. शेल सुप्राफोनिकप्रमाणेच सांधा नसलेल्या ॲल्युमिनियमचे. पण लग दहाऐवजी आठ आणि वर क्रोमऐवजी ॲनोडाइझिंगचा मंद करडा थर. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या हातून ते हजारोंनी वापरले गेले, म्हणून त्याला प्रतिष्ठा उशिरा मिळाली. आवाज कोरडा, स्वच्छ आणि आटोपशीर आहे.

खारा वारा आणि मुलामा

ॲक्रोलाइटची शिफारस करण्यामागे रसायनाचे कारण आहे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर हवेच्या संपर्काने क्षणार्धात ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो आणि त्यावर दुसरा धातू नीट धरत नाही. क्रोम चढवण्यापूर्वी मधले थर द्यावे लागतात. कालांतराने क्रोमला सूक्ष्म छिद्रे पडली की घाम आणि दमट हवा आत शिरते, दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि मुलामा आतून फुगतो. आधी टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, मग खड्डे, शेवटी सोललेले पोपडे. मीठ ही क्रिया वेगाने पुढे नेते. समुद्रकाठच्या घरात चार पावसाळे काढलेल्या सुप्राफोनिकच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसणे म्हणूनच स्वाभाविक आहे. ॲनोडाइझिंगमध्ये मात्र संरक्षक थर हा ॲल्युमिनियमचाच जाड केलेला ऑक्साइड असल्याने सोलून निघणारे वेगळे असे काही नसतेच.

खड्ड्यांमुळे आवाज बिघडत नाही. ज्याला वाजवायचे आहे, त्याच्यासाठी असा ‘व्रणी’ ड्रम पैसे वाचवण्याची संधी आहे. किंमत पाडून घ्यावी आणि निर्धास्त वाजवावा. पुन्हा क्रोम करून देण्याचे आमिष मात्र टाळावे. त्यासाठी जुना मुलामा उतरवून शेल घासावे लागते, पत्रा पातळ होतो, छिद्रांच्या कडा गोल होतात आणि ॲल्युमिनियमवर नवा मुलामा टिकेलच याची हमी कारागीरही देत नाही. शेल नव्यासारखे झळकत असून बिल्ल्यावर मात्र पन्नास वर्षांची झीज दिसत असेल, तर हे काम आधीच उरकलेले आहे असे समजावे.

याउलट, ज्या दोषांकडे दुर्लक्ष करू नये ते डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. पहिला दोष शेल लंबगोल होण्याचा. पुड्या आणि कडी उतरवून व्यास चार-पाच दिशांनी मोजावा. दोन मापांत मिलिमीटरभराचा फरक चालून जातो. दोन-तीन मिलिमीटरांचा चालत नाही. नवी पुडी शेलवर ठेवून बोटाने फिरवली असता ती कुठेही न अडता फिरली पाहिजे. दुसरा दोष पुडी टेकते त्या कडेचा. धातूच्या शेलची कड आत वळवलेली असते आणि ड्रम हातून पडला की पहिला पोचा तिथेच येतो. शेल काचेच्या टेबलावर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडे ठेवून आत विजेरी लावावी आणि खोलीतील दिवा मालवावा. कडेखालून प्रकाश झिरपतो तेथे कड बसलेली आहे. अपवाद एकच: खालच्या बाजूस समोरासमोर दोन ठिकाणी तारांसाठी मुद्दाम केलेली उथळ खोलगट असते, तेथून प्रकाश येणे योग्यच, किंबहुना तो आलाच पाहिजे.

मग लग आणि आटे. लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात आणि अति ताणाने त्यांना तडे जातात; रॉजर्सच्या जुन्या लगांची यासाठी विशेष अपकीर्ती आहे. प्रत्येक खिळा पूर्ण काढून हाताने परत फिरवून पाहावा. अमेरिकी ड्रमच्या खिळ्यांना इंचाला २४ आटे असतात. जुन्या ब्रिटिश ड्रमचे आटे निराळे असू शकतात. जोर लावून बसवलेला चुकीचा खिळा लगचे आतील आटे कापून टाकतो, आणि सुटा लग मिळवणे हे सुटा खिळा मिळवण्यासारखे सोपे नाही. जुन्या ब्रिटिश ड्रमच्या बाबतीत आणखी एक पथ्य: काहींचा व्यास आजच्या प्रमाण मापाहून किंचित मोठा असल्याने बाजारातील पुडी त्यांवर बसत नाही. अशा वेळी पुडी सोबत नेऊन तेथेच बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ऐकून घेणे

जुन्या, मळलेल्या पुड्यांवर आणि वाकड्या तारांवर ड्रमचा आवाज जोखणे अन्यायाचे ठरते. या दोन्ही वस्तू शेलच्या तुलनेत स्वस्त असून त्या बदलायच्याच असतात. शक्य झाल्यास नवी पुडी सोबत न्यावी, सर्व खिळे समोरासमोरच्या क्रमाने सारखे ताणावेत आणि प्रथम तारा सैल सोडून वाजवावे. या अवस्थेत शेलचा निखळ स्वर ऐकू येतो: पितळेचा भरीव आणि ऊबदार, ॲल्युमिनियमचा नेमका आणि लवकर विरणारा, पोलादाचा उजळ आणि लांब गुंजणारा. कुठे खरखर ऐकू आली तर घाबरू नये. पुष्कळदा ती लगच्या पोटातील सैल स्प्रिंगची असते आणि कापसाच्या बोळ्याने थांबते. त्यानंतर तारा लावून अगदी हलक्या हाताने, पुडीच्या मध्यापासून काठापर्यंत वाजवत जावे. जोरात वाजवल्यावर कोणताही ड्रम बोलतो; चांगला ड्रम कुजबुजीलाही उत्तर देतो.

निवड शेवटी उपयोगावर ठरते. चर्चमधील गायनाला किंवा छोट्या सभागृहातील जाझला साथ करणाऱ्याने पाच इंचांचा ॲल्युमिनियम ड्रम घ्यावा. मोठ्या मंचावर विजेच्या गिटारींशी सामना असेल तर साडेसहा इंचांचा किंवा पोलादी. ध्वनिमुद्रणात आणि मंचावर दोन्हीकडे एकच ड्रम न्यायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर पितळ. संग्रहासाठी घेणाऱ्याचा हिशेब निराळा असतो: त्याला प्रत्येक भाग मूळचा हवा असतो, एक अधिकचे छिद्रही त्याच्या लेखी किंमत निम्म्यावर आणू शकते. वाजवणाऱ्याने त्याच छिद्राचे आभार मानावेत.

ड्रम घरी आणल्यावर तो चिंचेने किंवा भांडी घासण्याच्या पुडीने उजळवण्याचा मोह आवरावा. आम्लाने पितळेचा समई-तांब्या उजळतो. मुलामा आणि ॲनोडाइझिंग यांचे त्याने नुकसानच होते. ओलसर मऊ कापडाने पुसून, पूर्ण कोरडे करून मोटारीसाठी मिळणाऱ्या मेणाचा पातळ हात द्यावा. पावसाळ्यात ड्रम चामडी किंवा फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नये, कारण ओल तेथेच कोंडते. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, जमिनीपासून उंच ठेवावा. तारांची कळ सैल सोडावी आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून वाजवावा.